नसलेल्या तारेची चौकशी

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमाने:

१. सकाळी लहान हेलिकॉप्टरने धरणाच्या कामावर सामान पोचवलं. परतताना मी एकटी होते.

२. खोऱ्यात ढग अंदाजापेक्षा बरेच खाली उतरले.

३. खोऱ्याला आडवी एक उच्चदाबाची वीजवाहिनी आहे. नकाशावर ती लाल रेघेने दाखवलेली आहे. आम्ही सगळे ती टॉवरच्या डोक्यावरून ओलांडतो, दोन टॉवरच्या मधून कधीही नाही. हवेतून तार दिसत नाही, टॉवर दिसतो, आणि टॉवरच्या वर तार नसते.

४. ढगामुळे टॉवरच्या वर जायला जागा उरली नाही. मी मागे वळायला लागले. वळणात वाऱ्याने खाली आणि बाजूला ढकललं. मी दोन टॉवरच्या मधून, त्यांच्या आडव्या हातांच्या उंचीवर, पलीकडे गेले.

५. काहीही झालं नाही.

६. जाताना उजवीकडचा टॉवर जवळून दिसला. त्याच्या हातांना इन्सुलेटरच्या चकत्या लटकत नव्हत्या. चकत्या नाहीत म्हणजे तार टांगायला काही नाही. तारही नव्हती.

७. उतरल्यावर हे सगळं लॉगबुकात लिहिलं आणि कॅप्टनना सांगितलं.

८. दुपारी मालकांनी मला उड्डाणावरून उतरवलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत उजवी सीट बंद.

उजवी सीट म्हणजे मुख्य वैमानिकाची, हे आईला पुन्हा समजावून सांगावं लागलं. ती म्हणाली, "मग डावीकडे बस की." डावीही बंद आहे.

मी शांत आहे. कप हातातून पडला तो ओला होता म्हणून.

बुधवार, ४ सप्टेंबर

उड्डाण नसलं तरी हजेरी लावायची आहे. मिस्त्रींनी सकाळपासून हेलिकॉप्टर भिंग घेऊन तपासलं. हँगरमधले ते सगळ्यात जुने, कॅप्टनच्याही आधीपासूनचे.

"ताई, तारेचा ओरखडा नाही. पक्ष्याची शीटसुद्धा नाही. इतकं स्वच्छ हेलिकॉप्टर मी जन्मात पाहिलेलं नाही. मलाच संशय यायला लागलाय."

"तार नव्हतीच, मिस्त्री."

"असं मोठ्याने म्हणू नका. कॅप्टनच्या भिंतीवर त्या तारेचं बक्षीस टांगलंय."

हे खरं आहे. आमच्या कंपनीची ओळखच ती आहे: या खोऱ्यात कामाला लागल्यापासून एकाही हेलिकॉप्टरला तार लागलेली नाही. आणि ती कॅप्टनमुळे. बाकीच्या कंपन्यांचे वैमानिक त्यांच्याकडे शिकायला येतात. त्यांची पद्धत अशी की तार येण्याआधी ज्याला टॉवर दिसेल त्याने मोठ्याने "तार" म्हणायचं आणि बाजूच्याने "तार" म्हणून पावती द्यायची. पावती मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. प्रवासी असला तरी त्याने द्यायची. एकदा एका खात्याचे मोठे साहेब मागे झोपले होते. कॅप्टननी त्यांना उठवून "तार" म्हणायला लावलं आणि मगच ओलांडली. साहेबांना वाटलं हेलिकॉप्टर पडतंय. ते घरी फोन करायला लागले.

मीही त्यांच्याचकडे शिकले. मला सगळे "फूटपट्टी" म्हणतात. ते नाव कॅप्टननी ठेवलं.

त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

"मी."

"अगं मग बोलायचं ना. बुटांचा आवाज आला नाही." बरोबर आहे. उड्डाण नाही म्हणून मी चपला घालून गेले होते.

मग म्हणाले, "फूटपट्टी, तार दिसली नाही म्हणजे तार नाही, असं असतं का? कुणी शिकवलं तुला हे?"

उलटं शिकवलं होतं, त्यांनीच.

शनिवार, ७ सप्टेंबर

कॅप्टन रोज सकाळी मला बोलावून हवामानाचा कागद मोठ्याने वाचायला लावतात. "खणखणीत वाच. आकडे नीट." पूर्वी ते स्वतः वाचायचे. मी कामापासून तुटू नये म्हणून हे करत असावेत. त्यांचा हा चांगुलपणा बोलून दाखवण्यासारखा नाही, त्यांना आवडणार नाही.

निघताना त्यांनी काचेवर हात ठेवून मिस्त्रींना शाबासकी दिली, "काच झकास पुसलीस." काच पुसलेली नव्हती. कालच्या फवारणीचे डाग होते तसेच होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो कॅप्टन." मग मागे जाऊन पुसायला घेतली.

मिस्त्रींना नको तिथे विनोद सुचतात.

मंगळवार, १० सप्टेंबर

चौकशीची पहिली बैठक झाली. अधिकारी नकाशाच्या कार्यालयातून आले आहेत. नकाशे काढणं, त्यावरच्या तारा सांभाळणं आणि त्या कुणी ओलांडल्या तर विचारणं, हे सगळं एकाच कार्यालयाकडे आहे. अधिकारी सभ्य आहेत. त्यांना उंचीची भीती वाटते. बैठक दुसऱ्या मजल्यावर होती, म्हणून त्यांनी खुर्ची खिडकीपासून दूर भिंतीला लावून घेतली.

संवाद आठवतो तसा लिहिते.

"तार नव्हती, असं तुमचं म्हणणं?"

"हो."

"कशावरून?"

"दिसली नाही."

त्यांनी आमची प्रशिक्षण पुस्तिका उघडली. "पहिल्या पानावर पहिलं वाक्य आहे. ‘तार न दिसणे हा तार नसल्याचा पुरावा नव्हे.’ हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"मग?"

मी म्हटलं, मी मधून गेले आणि लागलं नाही.

"लागलं नाही म्हणजे चुकली. चुकली म्हणजे होती."

मी म्हटलं, टॉवरच्या वरच्या आणि खालच्या हातांच्या मधली जागा एवढी नाही की तार असताना हेलिकॉप्टर त्यातून जाईल. ते म्हणाले, "म्हणजे तुमचं कौशल्य." त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं.

मी म्हटलं, कुणीतरी जमिनीवरून जाऊन बघावं. त्यांनी विचारलं, तिथे रस्ता आहे का? नाही. मग हवेतून? त्यासाठी वाहिनीजवळ उडण्याची परवानगी लागते आणि ज्या वाहिनीची चौकशी सुरू आहे तिच्याजवळ परवानगी मिळत नाही.

शेवटी ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुम्ही फार स्पष्ट बोलता. त्यामुळे अडचण होते."

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आई: "म्हणजे जी तार नाही, तिच्यापायी तू घरी बसलीयस."

"हजेरीला जाते."

"तेच ते. अगं, म्हणून टाक ना की होती. तुझं काय जातं? तुझ्या बाबांकडच्यांना मी सांगितलं होतं, मला शिवण येतं. कुणी आणून ठेवलं का पुढ्यात मशीन?"

"आत्याने ठेवलं होतं. तूच सांगायचीस."

"एकदाच. आणि तेव्हा माझं बोट दुखत होतं."

मी तिला सांगितलं की आज मी तार होती म्हटलं, तर उद्या शिकाऊ वैमानिकाला काय सांगू? की दोन टॉवरच्या मधून तार असूनही जाता येतं, मी गेले होते? कुणीतरी जाऊन बघेल. दुसऱ्या खोऱ्यात, जिथे खरोखर आहे.

आईने बराच वेळ भाजी निवडली. मग म्हणाली, "तू लहानपणीसुद्धा अशीच होतीस. तुझ्याशी लपाछपी खेळता यायची नाही. ‘कपाटात लपलेय’ असं ओरडून सांगायचीस."

सोमवार, १६ सप्टेंबर

चौकशीच्या पत्राला वीज कंपनीचं उत्तर आलं. वाहिनी कार्यरत आहे. गेल्या वर्षी तिच्यावर दोनदा बिघाड झाला आणि दोन्ही वेळा दुरुस्त करण्यात आला.

नसलेली तार दोनदा तुटली, दोनदा जोडली. मिस्त्री म्हणाले, "मग माणसं चांगली आहेत की. आमच्या गल्लीतली असलेली तार तुटलीय, ती कुणी जोडत नाही."

उत्तराबरोबर त्यांचा एक लाइन इंजिनिअर आला होता. माझ्याच वयाचा. वाहिनी कधी ओढली असं मी विचारलं, तर त्याने कान लाल होईपर्यंत कागद चाळले. टॉवर उभे राहिल्याचा कागद होता. तार ओढल्याचा नव्हता. "मधल्या काळात साहेब बदलले," तो म्हणाला. "पण बिघाडाच्या नोंदी आहेत ना, म्हणजे तार असणारच. नसती तर बिघडली कशी असती?"

मी टॉवरचा कागद त्याच्यासमोर सरकवला. तो म्हणाला, "तुम्ही पत्र लिहा, मी ते वर नेईन. स्वतः नेईन." जाताना त्याने माझं पेन नेलं, मग ते परत द्यायला फाटकापासून परत आला. विसरभोळा दिसतो.

शुक्रवार, २० सप्टेंबर

दुसरी बैठक. आज कॅप्टनची साक्ष होती. मला खात्री होती की आज सगळं मिटेल. इतक्या वेळा त्या टॉवरवरून गेलेल्या माणसाने एकदा तरी खाली पाहिलं असणार. चकत्या नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं नसेल असं होणं शक्य नाही. याच माणसाने मला आयुष्यातला पहिला धडा दिला होता: तार बघू नकोस, चकत्या बघ, चकत्या ज्या बाजूला ओढल्या गेल्यात तिकडे तार जाते.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला तिथे तार दिसते का?"

कॅप्टन म्हणाले, "दिसते."

"दर वेळी?"

"दर वेळी. ऊन असलं की चमकते."

मी त्यांच्याकडे बघत होते. ते समोर अधिकाऱ्यांच्या खुर्चीकडे बघत होते, पण अधिकारी तोपर्यंत उठून पाण्याच्या जारकडे गेले होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माणूस खोटं बोलताना असंच करतो.

सही करताना त्यांनी ती रेघेच्या बरीच वर केली, छापलेल्या मजकुरावर. हात कापत नव्हता. मनावर ताण असावा. असायलाच हवा.

त्यानंतर अधिकाऱ्यांनी तोडगा सांगितला. तार आहे, ती तुटली नाही, वीज चालू आहे, हेलिकॉप्टरवर ओरखडा नाही. तेव्हा मी तार पाहून ती कौशल्याने चुकवली, असा निष्कर्ष निघतो. मी तसं लिहून द्यावं. मला उजवी सीट परत मिळेल, वर प्रशस्तिपत्र. मालक खूश झाले. त्यांनी फोटोग्राफर कुणाला बोलवायचं ते विचारलं.

मी म्हटलं, "मी काहीही चुकवलेलं नाही."

"तेच तर चौकशीत निघालं," अधिकारी म्हणाले. "तुमची काहीच चूक नाही."

"तसं नाही. चुकवायला काही नव्हतं."

मालकांनी कपाळावर हात मारला. कॅप्टन म्हणाले, "पोरी, घे ना. तुला सीट हवी आहे ना?"

हवी आहे. दुसरं काहीच नको आहे. मी सही केली नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

राग आला की काहीजण जोरात बोलतात. मी पत्रं लिहिते. आज दोन लिहिली. एक नकाशाच्या कार्यालयाला, एक वीज कंपनीला. मजकूर एकच: नकाशावरची वाहिनी आणि जागेवरची स्थिती एकमेकांशी जुळत नाही, आपल्या अखत्यारीत असेल ती दुरुस्ती करून जुळवावी.

वाचून पाहिलं. दोन अर्थ निघतील असं एकही वाक्य नाही.

कॅप्टनशी बोलले नाही. हवामानाचा कागद वाचायला त्यांनी बोलावलं तेव्हा मिस्त्रींना पाठवलं. मिस्त्री वाचताना अडखळत होते. कॅप्टन त्यांना अंदाजाने आकडे सुचवत होते आणि मिस्त्री प्रत्येक आकड्याला "हो, तेच" म्हणत होते. मी उठून गेले आणि स्वतः वाचलं. राग वेगळा आणि वारा वेगळा.

गुरुवार, २६ सप्टेंबर

विशेष काही नाही. मिस्त्रींनी उतरण्याच्या जागेवरचा H पुन्हा रंगवला, आधीपेक्षा बराच मोठा, आणि भोवती पिवळा पट्टा. शेजारच्या गावातून दिसत असेल. विचारलं तर म्हणाले, रंग उरला होता.

मंगळवार, १ ऑक्टोबर

जिंकले.

हा शब्द मी वापरत नाही, पण आज खोडत नाही. नकाशाच्या कार्यालयाने खोऱ्यातली वाहिनी नकाशावरून काढून टाकली. नव्या नकाशावर लाल रेघ नाही. चौकशी बंद, कारण जी वाहिनी नकाशावर नाही ती ओलांडल्याची चौकशी करता येत नाही. अधिकाऱ्यांनी फोनवर अभिनंदन केलं. त्यांनाही सुटल्यासारखं वाटत होतं.

मालकांचाही राग गेला. टॉवरवर चढायला लागत नाही म्हणजे इंधन वाचेल, असा हिशोब त्यांनी माझ्यासमोरच केला.

एकच अट आहे. इतके दिवस जमिनीवर असल्यामुळे चेक फ्लाइट द्यावी लागेल, तपासनीस शेजारी बसवून. आमच्या भागात चेक घेण्याचा अधिकार फक्त कॅप्टनना आहे. दुसरा तपासनीस बाहेरून मागवला तर पुढच्या वर्षी येईल, आणि तोवर माझी जागा कोणी ठेवणार नाही. मालकांच्या टेबलावर त्या जागेसाठी दोन वैमानिकांचे अर्ज पडलेले मी पाहिले आहेत.

कॅप्टनना सांगायला गेले. बूट घालून गेले होते. "ये फूटपट्टी," ते मी दारात पोचायच्या आधीच म्हणाले. नकाशाचं ऐकून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे नव्हतीच?"

"नव्हती."

"इतकी वर्षं?"

मला वाटलं आता ते साक्षीबद्दल बोलतील. ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "त्या साहेबाला झोपेतून उठवून मी ‘तार’ म्हणायला लावलं होतं गं!"

मलाही हसू आलं. पण मी त्यांना माफ केलेलं नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

लाइन इंजिनिअर आला होता. बिस्किटांचा डबा घेऊन. उन्हाने काळवंडला आहे, हाताला पट्टी. म्हणाला, "तुमचं काम झालं म्हणून समजा. मी मागेच लागलो होतो. आता कुणी म्हणणार नाही की कागदावर एक आणि जागेवर एक."

मी म्हटलं, कळलं मला, धन्यवाद.

"कळलं? कुणी सांगितलं?" त्याचा चेहरा जरा पडला. "मला वाटलं, मीच पहिला."

"नकाशाच्या कार्यालयाने पत्र पाठवलं."

"त्यांना बरं लगेच कळतं," तो म्हणाला. मग काही बोलायचं राहिल्यासारखा उभा राहिला. शेवटी विचारलं, बिस्किटं गोड आवडतात की खारी? मी म्हटलं, ज्यांना ओलावा लागला नाही ती.

आईला हे सांगितलं. तिने भिंतीकडे बघून सुस्कारा सोडला. कशाबद्दल ते सांगितलं नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

चेक झाली. सावकाश लिहिते.

हवा स्वच्छ, ऊन समोरून नाही, पाठीमागून. मी उजवीकडे, कॅप्टन डावीकडे. बाकी सगळं नीट झालं. शेवटी ते म्हणाले, "आता खोऱ्यातून सरळ चल. वर चढू नकोस, मालकांचं इंधन वाचव." ते खुशीत होते.

टॉवर दिसले. सवयीने उजवीकडच्या टॉवरच्या हातांकडे पाहिलं.

चकत्या होत्या. नव्या, काचेच्या, हिरवट, दोन्ही हातांना. त्या मधल्या दिशेला ओढल्या गेल्या होत्या. आणि तिथून तार निघाली होती. जुनी तार मळकी असते, मागच्या डोंगरात विरघळून जाते, ती न दिसणं समजू शकतं. ही कोरी होती. पाठीमागच्या उन्हात टॉवर ते टॉवर चकाकत होती. मागच्या सीटवर झोपलेल्या साहेबालाही दिसली असती.

मी म्हटलं, "तार."

कॅप्टन हसले. "कसली तार? ती तर तूच पुसलीस."

"कॅप्टन, समोर बघा."

"बघतोय ना." ते खरंच समोर बघत होते, डोळे उघडे, मान ताठ. "समोर मोकळं आहे. जा मधून."

मी चढले आणि टॉवरच्या बरोबर डोक्यावरून ओलांडलं. खाली तार गेली. तिची सावलीही खालच्या दगडांवर दिसत होती.

"जुनी सवय जात नाही तुझी," ते म्हणाले. "असू दे. वाईट सवय नाही. पास."

कागदावर त्यांनी सही केली. मजकुराच्या मधोमध.

मी इंजिन बंद करून बराच वेळ आत बसून राहिले. ते साक्षीत खोटं बोलले नव्हते. तेव्हा नकाशावर तार होती म्हणून त्यांना ती दिसत होती. आता नकाशावर नाही म्हणून समोर मोकळं होतं. कॅप्टन काचेतून बघून बोलत नाहीत, नकाशा आठवून बोलतात. दारातल्या माणसाला ते बुटांवरून ओळखतात. हवामानाचा कागद माझ्यासाठी नव्हता.

दीड महिना मी हे सगळं लिहीत होते, तारखेसकट. मला कुणी फूटपट्टी म्हणू नये.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी प्रथम नकाशाच्या कार्यालयाला फोन.

"तार आहे," मी म्हटलं.

"कुठली?"

"तीच."

"ती नाही. तुमचं पत्र आमच्याकडे आहे."

"तेव्हा नव्हती. आता ओढली आहे."

"म्हणजे पत्र मागे घेता?"

"पत्र बरोबर होतं. आता नकाशा चुकीचा आहे."

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात," अधिकारी दुखावल्या आवाजात म्हणाले. तरी त्यांनी तोंडी इशारा सगळ्या कंपन्यांना पाठवण्याचं कबूल केलं. लेखी दुरुस्तीसाठी नवी चौकशी लागेल. मालकांनाही सांगितलं. त्यांनी इंधनाचा हिशोब खोडला आणि पूर्वीसारखं टॉवरवरून जायचा हुकूम काढला. हँगरमधल्या नकाशावर मी लाल पेन्सिलने रेघ ओढली.

लाइन इंजिनिअरलाही फोन केला. तो अभिमानाने म्हणाला, "तुम्हीच लिहिलं होतंत ना, जुळवा म्हणून? आमच्या अखत्यारीत तारच होती."

माझ्या पत्रात खरोखर एकही चूक नाही.

मग मिस्त्रींकडे गेले. ते चाक तपासत होते. मी विचारलं, "केव्हापासून?"

त्यांनी कशाबद्दल असं विचारलं नाही. "दोन वर्षं झाली असतील. आधी बाजूचं जायला लागलं, मग मधलं."

"डॉक्टरकडे दर वेळी पास कसे होतात?"

"तक्ता पाठ आहे. मीच म्हणून घेतो त्यांच्याकडून, पाढ्यासारखा."

"मिस्त्री, मागे माणसं बसतात."

"म्हणून तर H मोठा केला!" ते ओरडले. मग खाली बघून हळू म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्याकडे शिकलात. मी त्यांच्याबरोबर म्हातारा झालो. उतरले तर तो माणूस करणार काय? तुमचा कागद झालाय. घ्या, उडा, गप्प बसा. ते टॉवरवरूनच जातात, त्यांना काही होत नाही. इतकी वर्षं नसलेल्या तारेलासुद्धा लागले नाहीत ते."

"टॉवर दिसत नाही तेव्हा टॉवरवरून कसे जातील?"

"अंदाजाने."

ते स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर मिस्त्री खाली बसले. हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.

शुक्रवारी, २५ तारखेला, धरणाचे इंजिनिअर न्यायचे आहेत. फळ्यावर कॅप्टनचं नाव आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

दोन दिवस विचार केला. आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल सही झालीये ना, ठेव जपून. तिने विचारलं, "त्यांना न दिसता त्यांनी तुला पास केलं, तर तू पास झालीस का?" मी नाही म्हटलं. "मग मला काय विचारतेस?" ती म्हणाली आणि गॅस बंद करायला गेली.

पत्र लिहिलं आहे. कार्यालयाला नाही. उद्या सकाळी मिस्त्रींच्या हाती देईन. त्यांना आधीच सांगितलं आहे की ते मोठ्याने वाचावं लागेल. प्रत इथे ठेवते.

कॅप्टन,

हे पत्र मिस्त्री तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांना मधे गाळू देऊ नका.

गेल्या शुक्रवारी, चेकच्या वेळी, खोऱ्यात तार होती. नवी, चकाकणारी. तुम्ही समोर मोकळं आहे म्हणालात. साक्षीत तार नसताना तुम्ही ती चमकते म्हणालात. मी तेव्हा तुम्हाला खोटं समजले, ते चूक होतं.

चेकचा कागद सोबत परत पाठवते आहे. ज्याला मी काय केलं ते दिसलं नाही, त्याच्या सहीवर मी उजव्या सीटवर बसू शकत नाही. दुसरा तपासनीस मिळेपर्यंत माझी जागा राहणार नाही, हे मला माहीत आहे.

मला तार ओळखायला तुम्ही शिकवलंत. तुमच्याइतकं ते कुणालाही येत नाही आणि जमिनीवरून ते शिकवायला डोळे लागत नाहीत. मालकांशी त्याबद्दल बोलायला मी तुमच्याबरोबर येईन. डॉक्टरकडेही येईन.

पण येत्या शुक्रवारचं उड्डाण तुम्ही करू नये. डोळ्यांबद्दल मालकांना तुम्ही स्वतः सांगणार, की मी सांगू, एवढंच मला हवं आहे.

उत्तर गुरुवारी, २४ ऑक्टोबरला, संध्याकाळपर्यंत कळवावं.